बावीस घरं, नऊ चुली: रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं जातात कुठं आणि का?

सड्यावरचा

गौरी-गणपती झाले, मंडळी मुंबईला परतली, त्याला आज आठ दिवस झाले. काल संध्याकाळी वाडीतून एक फेरी मारली. आमच्या वाडीत बावीस घरं आहेत. त्यातल्या नऊ घरांत चूल पेटते, तेरा घरांना कुलूप. ही तेरा घरं पडकी असतील असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. उलट गावातली सगळ्यात चांगली घरं तीच आहेत. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, खाली टाइल्स, पुढं लोखंडी गेट. ज्या नऊ घरांत माणसं राहतात त्यातली पाच अजून कौलारू आहेत आणि दरवर्षी वानरं कौलं फोडतात.

संगमेश्वर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव. मी वीस वर्षं ठाण्यात नोकरी केली आणि सहा वर्षांपूर्वी कायमचा गावी आलो. तेव्हापासून या विषयावर लिहायचं मनात होतं.

आधी आकडे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ ला ती १६,१५,०६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत ८१ हजारांहून जास्त माणसं कमी, सुमारे ४.८ टक्के घट. सिंधुदुर्गातही घट झाली, ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. त्या दशकात महाराष्ट्रात आणखी एकाच जिल्ह्याची लोकसंख्या घटली आणि तो म्हणजे मुंबई शहर. म्हणजे माणसं जिथून गेली तेही रिकामं झालं आणि पूर्वी ज्या गिरणगावात जायची तेही. आता आमची माणसं विरार, नालासोपारा, दिवा, कल्याण, बदलापूर इथं आहेत.

मला यातला सगळ्यात बोलका वाटतो तो स्त्री-पुरुष प्रमाणाचा आकडा. २०११ ला आमच्याकडं हजार पुरुषांमागं ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. (राज्याचा आकडा ९२९.) पेपरात बातमी आली की रत्नागिरीत मुलींना मान आहे. मान असेलही, पण एवढ्या फरकाचं मुख्य कारण ते नव्हे. पुरुष मुंबईत म्हणून बायका गावात जास्त, एवढा साधा हिशोब आहे. आणि हाच आकडा २००१ ला ११३६ होता. लोकसंख्याही घटली आणि बायकांचं प्रमाणही थोडं उतरलं, याचा अर्थ मी असा लावतो की पूर्वी घरचा पुरुष एकटा जायचा, आता अख्खं कुटुंब जातं. माझे आजोबा परळला गावमंडळाच्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीस-बावीस माणसं, दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीनं झोपणार, जेवण खानावळीत. बायको-मुलांना तिथं न्यायची सोयच नव्हती. म्हणून घर गावात राहिलं, शेती राहिली आणि दर महिन्याला मनिऑर्डर येत राहिली. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या आणि खोल्याही गेल्या. पुढच्या पिढीनं दूरच्या उपनगरात का होईना, स्वतःची जागा घेतली आणि कुटुंब नेलं. कुलूप लागलं ते तेव्हा.

मग गावाची अर्थव्यवस्था कशावर चालते? आमच्या वाडीपुरतं सांगतो. तीन घरं पेन्शनवर, दोन घरांत एसटी आणि शाळेतली नोकरी, बाकीच्यांना मुलगा किंवा भाऊ मुंबईहून पैसे धाडतो. पूर्वी पोस्टमन यायचा, आता मोबाइलवर येतात. भात सगळे लावतात, पण विकण्याइतकं कुणाचंच होत नाही. लावणीला गड्याला पाचशे-सहाशे रुपये आणि दोन वेळचं जेवण द्यावं लागतं आणि दिलं तरी गडी मिळेल याची खात्री नाही. पूर्वी आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं असं करत अख्ख्या वाडीची लावणी पंधरा दिवसांत उरकायची. नऊ घरांत ते होत नाही. गेल्या वर्षी आमच्या खालच्या खाचरांत तरवा (भाताची रोपं) तयार असून लावायला माणसं नव्हती. तसाच पिवळा पडला. आई बांधावर उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

आणि माझा खरा मुद्दा आता. लोक म्हणतात नोकऱ्या नाहीत म्हणून माणसं जातात. ते खरंच आहे. पण जो परत येऊ बघतो त्याला अडवतो तो सातबारा. आमच्या जमिनीचा सातबारा सामायिक आहे. आजोबांना कूळ कायद्यात मिळालेली दोन एकर चार गुंठे. त्यावर आज २७ नावं आहेत. त्यातल्या काही जणांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मला अर्धा एकर काजू लावायचा आहे. बँक म्हणते सगळ्यांची संमती आणा. विहिरीच्या अनुदानाचा अर्ज केला तर तिथंही तेच. जमीन आहे, पाऊस आहे, अंगात ताकद आहे आणि कागदावर मी सत्ताविसातला एक आहे.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? कुणी वाटप करून घेतलंय का? अनुभव लिहा.

---

माहेर_राजापूर

दादा, आकड्यातल्या त्या ११२२ बायकांपैकी मी एक होते, म्हणून लिहिते. नवरा मुंबईत, मी गावात सासू-सासऱ्यांजवळ, असं मी चौदा वर्षं काढली.

तुमचं सगळं पटलं, पण पाण्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. पुरुष लिहितात तेव्हा पाणी राहतंच. आमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. बाहेरच्यांना हे पटत नाही. वर कातळ, खाली सच्छिद्र जांभा, उतार समुद्राकडं. पाऊस पडतो तसा पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला लागतो आणि समुद्राला जातो. जमिनीत मुरलेलंही झऱ्यांवाटे दिवाळीपर्यंत निघून जातं. घराघरात नळ आलेत, तोट्या चकचकीत आहेत, पण योजना ज्या विहिरीवरून आहे तिचंच पाणी मार्चमध्ये तळाला जातं.

माझा दिवस कसा जायचा ते सांगते. पहाटे चारला उठून विहिरीवर. रात्रभरात जेवढं पाझरलं तेवढंच पाणी, म्हणून जी पहिली पोचेल तिला चार हंडे, शेवटच्या बाईला गाळ. मी माझ्या जावेला बरं नसताना तिचे हंडे भरले म्हणून एकदा दोन घरांत आठवडाभर अबोला झाला होता. मुलगी दहावीला आली आणि मी नवऱ्याला सांगितलं, आता आम्हाला घेऊन जा. कारण विचाराल तर मी पाणी सांगेन. नोकरी नंतर.

आमची वाडी आता दरवर्षी पऱ्ह्यावर वनराई बंधारा घालते, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरून. पाऊस ओसरला की लगेच, धार जोरात आहे तोवर. तो घातल्यापासून विहिरीचं पाणी पंधरा-वीस दिवस पुढं जातं. फार नाही, पण मे महिन्यातले वीस दिवस काय असतात ते हंडा उचलणारीला विचारा. बंधारा घालायला माणसं लागतात, ती कमी होत चालली आहेत. गेल्या वर्षी सात बायका आणि दोन म्हातारे एवढेच होतो. मी त्यासाठी मुद्दाम रजा काढून गेले होते.

---

घाटमाथा_सांगली

चांगला धागा. एक शंका. एवढा पाऊस पडतो तर धरणं बांधून ऊस, भाजीपाला का होत नाही तिकडं? आमच्याकडं याच्या चौथा हिस्साही पाऊस नाही.

---

सड्यावरचा

@घाटमाथा, सपाट जमीन कुठाय? आमची खाचरं म्हणजे डोंगराला केलेल्या पायऱ्या. एक खाचर चार गुंठ्यांचं, त्याच्या खालचं दीड गुंठ्याचं. ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून जोताची बैलं गेली तशी जमीनही पडीक पडली. आता काही जणांनी पॉवर टिलर घेतलेत. लहान धरणं आहेत, पण कालवा शेतापर्यंत पोचलेला फार थोड्या ठिकाणी. शिवाय २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं, खालची वाडी वाहून गेली, माणसं गेली. तेव्हापासून धरण म्हटलं की खालच्या गावांना झोप लागत नाही.

कोयनेचं पाणी वीज करून पोफळीला खाली उतरतं, ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वापरायची परवानगी आहे. ते वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातं. या पाण्याचं काय करायचं यावर मी लहान असल्यापासून चर्चा ऐकतोय.

@माहेर_राजापूर ताई, तुमचं बरोबर आहे. राहिलं खरं. आमच्या घरी पाणी आई भरायची आणि आता बायको भरते. मी पंप बसवला आणि विषय संपला असं समजून बसलो.

---

पाच_डझनी

मी आंबा बागायतदार, रत्नागिरी तालुका. बाहेरच्यांना वाटतं हापूसमुळं आम्ही श्रीमंत. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदान होतं. त्यामुळं कातळावर सुरुंग लावून, खड्डे काढून, बाहेरून माती आणून कलमं लागली. जिथं पूर्वी गवताशिवाय काही येत नव्हतं तिथं आज बागा आहेत. ही त्या योजनेची मोठी कामगिरी आहे. माझ्या वडिलांनी तेव्हाच दीडशे कलमं लावली.

आता खर्च बघा. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली तर मोहर. मोहर आल्यापासून तुडतुडा, थ्रिप्स, भुरी. सहा फवारण्या धरा, वाईट वर्षी आठ-नऊ. औषधांचे भाव दरवर्षी चढे. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत राखणीला नेपाळी गडी, त्याच्या कुटुंबाचं राहणं-खाणं आपल्याकडं. मग फेब्रुवारीत एखादा अवकाळी शिडकावा आला की मोहर काळा. त्यातून वाचलेला आंबा पेटीत भरून वाशीला पाठवायचा. भाव काय मिळाला ते पट्टी (विक्रीचा हिशोब) आल्यावर कळणार. पहिल्या पेट्यांना पैसे आहेत, मेमध्ये सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. शेवटचा आंबा कॅनिंगला किलोवर जातो.

२०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा उपयोग थेट ग्राहकाला विकणाऱ्यांना होतोय. माझी निम्मी बाग आता थेट पुण्याच्या गिऱ्हाइकांना जाते आणि त्यातच काय तो नफा. उरलेली वाशीला.

पण बागा ठेक्यानं देण्याचं प्रमाण फार वाढलंय. मालक मुंबईत, बाग ठेकेदाराकडं. ठेकेदाराला तीन वर्षांत पैसे काढायचे असतात, तो कल्टारचा (मोहर आणणाऱ्या औषधाचा) मात्रेपेक्षा जास्त डोस देतो. झाड दोन वर्षं भरभरून येतं आणि नंतर फांद्या वाळायला लागतात. माझ्या शेजारची चाळीस कलमं अशी गेलेली मी बघितली. मालक गणपतीत येतो, पैसे घेतो, झाडाकडं बघत नाही. माणूस जातो तेव्हा शेतीचं काय होतं ते मला इथं दिसतं.

काजू लावणार असाल तर वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ बघा. काजूला राखण कमी, फवारण्या कमी.

---

हर्णैची_गलबतं

किनाऱ्याचंही ऐका. आमच्याकडं माणसं गेली नाहीत असं वाटतं, कारण बंदर भरलेलं दिसतं. संध्याकाळी लिलावाला पाय ठेवायला जागा नसते. पण होडीवर बघा. तांडेल (होडीचा कप्तान) आमचा, खलाशी बरेचसे नेपाळी. आमची पोरं शिकली, त्यांना समुद्र नको.

पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर २०१६ पासून बंधनं आहेत, एलईडी दिवे लावून मासेमारीला बंदी आहे. तरी रात्री बाहेर बघितलं की समुद्रात गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. छोट्या होडीवाल्याला बांगडा मिळत नाही. डिझेलचे पैसे निघाले तरी देवाला नारळ. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मंडणगड, दापोलीत सुपारी आणि नारळाच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. सुपारी लावल्यापासून उत्पन्न यायला सहा-सात वर्षं. त्या मधल्या वर्षांत काय खायचं म्हणून माझे दोन्ही चुलतभाऊ पनवेलला गेले. एकजण आता रिक्षा चालवतो.

---

कोकण_प्रगती

सगळ्यांचं दुःख खरं आहे, पण उपाय कुणी बोलत नाही. मोठा उद्योग आल्याशिवाय माणसं थांबणार नाहीत. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाला विरोध, जैतापूरच्या अणुप्रकल्पाला विरोध, नाणारच्या रिफायनरीला विरोध, बारसूच्या रिफायनरीला विरोध. मग मुंबईला जाऊ नका असं पोरांना कुठल्या तोंडानं सांगणार? कोकण रेल्वे झाली १९९८ ला, तिचा फायदा गोव्याला आणि केरळला जास्त झाला, आम्ही गणपतीत उभ्यानं प्रवास करतो. महामार्गाचं चौपदरीकरण किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे.

---

सड्यावरचा

@कोकण_प्रगती, तुमचा राग समजतो. मी उद्योगाच्या विरोधात नाही. लोट्याला रासायनिक कारखाने आले, खेड-चिपळूणच्या किती तरी घरांना त्यातून पगार मिळाला. माझा मावसभाऊ तिथंच निवृत्त झाला. पण त्याच पट्ट्यातल्या खाडीच्या मच्छीमारांची सांडपाण्याबद्दलची तक्रारही तितकीच जुनी आहे आणि तीही घरंच आहेत. ज्याची बाग, ज्याची होडी जाणार आहे त्याला कारखान्यात नोकरी मिळत नाही, ती दुसऱ्याला मिळते. हे गणित कुणी नीट समजावत नाही, म्हणून विरोध होतो.

आणि मोठा प्रकल्प आला तरी तो एका तालुक्यात येणार. जिल्हा आहे ८,२०८ चौरस किलोमीटरचा. आमच्या वाडीतला माणूस तिथं जाऊन राहणारच ना? आमच्या घराला कुलूप ते कुलूपच.

---

साकवापलीकडची_शाळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तालुका सांगत नाही. पट सहा. पहिलीत एक, दुसरीत कुणी नाही, तिसरीत दोन, चौथीत तीन. साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून आपण अभिमानानं सांगतो, तो अभिमान या वाड्यावाड्यांतल्या शाळांनी मिळवून दिलाय.

सहा मुलांना शिकवणं सोपं असेल असं लोक म्हणतात. अभ्यास सोपा आहे, प्रत्येकाकडं लक्ष देता येतं. बाकीचं अवघड आहे. पहिलीतल्या मुलीला तिच्या वयाची मैत्रीण नाही. ती मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसते. खो-खोला एका बाजूला नऊ जण लागतात, आम्ही सहा मुलं, मी, स्वयंपाकाच्या ताई असे आठ होतो. तरी खेळतो.

शाळा बंद करून मोठ्या शाळेत मुलं न्यायची चर्चा अधूनमधून होते. त्या शाळेला जायला साकव (छोटा पूल) ओलांडावा लागतो आणि जुलैत पऱ्ह्याचं पाणी साकवावरून जातं. शाळा बंद झाली तर या सहांतली किमान चार घरं शहरात जातील असं पालकांनी मला सरळ सांगितलंय. नवी सूनही आधी शाळा आणि डॉक्टर किती लांब ते विचारते.

---

माहेर_राजापूर

बाई, डॉक्टरांचं तुम्ही काढलंत म्हणून. माझ्या सासऱ्यांना गवत कापताना फुरसं चावलं होतं. संध्याकाळची वेळ, वस्तीची एसटी यायला दोन तास. शेजारच्या पोरानं बाइकवर मध्ये बसवून नेलं. लस मिळाली, वाचले. ते पोर आता वसईला असतं. आज कुणाला चावलं तर बाइक चालवणारं कुणी वाडीत आहे का, हा विचार मी इथं बसून रोज करते. १०८ ला फोन करता येतो, पण आमच्या घाटीत रेंज यायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढावं लागतं.

विंचवाचं औषध आपल्या कोकणात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी शोधून दाखवलं. प्राझोसिनची साधी गोळी. त्याआधी लाल विंचू चावलेली पोरं दगावायची. एक डॉक्टर गावात राहिला की काय होतं त्याचं हे उदाहरण.

---

चिपळूणकर_नाका

थोडक्यात लिहितो. आजूबाजूच्या गावांची बाजारपेठ म्हणजे आमचं चिपळूण. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानात छतापर्यंत पाणी होतं. धान्याची पोती कुजली, वास महिनाभर गेला नाही. त्यानंतर उधारी देणं मला बंद करावं लागलं. गावातली म्हातारी माणसं मुलाचे पैसे येईपर्यंत आमच्या वहीवर महिना काढायची. ती वही गाळात गेली. बऱ्याच जणांनी स्वतःहून येऊन आठवून पैसे दिले, हे सांगितलंच पाहिजे.

---

गुंठा_गुंठा

@सड्यावरचा, वाटपाबद्दल विचारलंत. आम्ही लांज्यात केलं, चार वर्षं लागली. क्रम सांगतो.

पहिल्यांदा वारस नोंदी पूर्ण करा. मेलेल्यांची नावं सातबाऱ्यावर असतील तर पुढं काही होत नाही. आमच्याकडं पणजोबांचं नाव होतं. मृत्यूचे दाखले जमवायलाच एक वर्ष गेलं, कारण काही मृत्यू मुंबईत झालेले. मग महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटपाचा अर्ज करता येतो. सगळे सहहिस्सेदार राजी हवेत. एक जरी अडला तर दिवाणी कोर्ट आणि तिथं गेलात तर तुमचा काजू तुमची नातवंडं लावतील.

माणसं का अडतात ते ओळखा. आमच्यातला एक काका अडला होता. सगळ्यांना वाटलं त्याला जास्त जमीन हवी. मी नालासोपाऱ्याला त्याच्या घरी गेलो, जेवलो, रात्री राहिलो. तेव्हा म्हणाला, माझं नाव सातबाऱ्यावरून गेलं तर गणपतीला मी कुणाच्या घरी येऊ? त्याला वाटत होतं की वाटप म्हणजे त्याला घरातून काढतायत. मग आम्ही घर आणि देवघराची जागा सामायिकच ठेवली आणि फक्त शेतजमीन वाटली. त्यानं त्याच आठवड्यात सही केली.

---

सड्यावरचा

@गुंठा_गुंठा, हे वाचून मी तुमचा प्रतिसाद मोठ्यानं आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, तुझ्या भिवंडीच्या आत्याचंही तेच असणार. तिला पोस्टानं कागद पाठवलास, भेटायला गेला नाहीस.

खरंय. गेल्या वर्षी सगळ्यांना रजिस्टरनं पत्रं पाठवली होती. २७ पैकी १९ जणांनी होकार कळवला, तिघांची पत्रं परत आली, पाच जण गप्प. गप्प असलेल्या पाचांत आत्या आहे आणि तिच्या मागं तिची दोन मुलं.

भात कापणी दिवाळीच्या आसपास आटपेल. त्यानंतर भिवंडीला जातोय. नवे तांदूळ आणि थोडे कुळीथ घेऊन जाईन, तिला आवडतात. घर सामायिक ठेवायचं हे आधीच सांगेन.

@माहेर_राजापूर ताई, आमच्या पऱ्ह्याला अजून धार आहे. गोण्या जमवल्या आहेत, साठेक होतील. रविवारी नऊ घरांतून बारा माणसं येतो म्हणालीत. बंधाऱ्याला जागा कशी निवडायची, अरुंद ठिकाणी की जिथं मागं पाणी पसरेल तिथं, ते शनिवारपर्यंत लिहाल का?

---

माहेर_राजापूर

अरुंद जागा, दोन्ही काठ कातळाचे असतील अशी आणि तिच्या मागं पात्र पसरट. विहिरीच्या वरच्या अंगाला. गोण्यांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, चिऱ्याच्या भिंतीसारखे चुकवून रचा. मध्ये माती धोपटून भरा. साठ गोण्या कमी पडतील, शंभर तरी घ्या. शाळेत खिचडीच्या तांदळाची पोती रिकामी होतात, तिथं विचारा.

---

साकवापलीकडची_शाळा

आमच्याकडं चौदा आहेत. कुठल्या गावाला पाठवायच्या ते निरोपात कळवा.